रोहिणीचे पाणी आणि सिंधूचे पाणी





सिद्धार्थ गौतमाने घर का सोडले? हा प्रश्न आपल्या एखाद्या घरी सहज विचारून पाहा. आजही पुष्कळ ठिकाणी जुनेच उत्तर मिळते. त्याने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले, संन्यासी पाहिला आणि त्याला वैराग्य आले. परमपूज्य बाबासाहेबांनी हे उत्तर मानले नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत एकही म्हातारा, एकही रोगी आणि एकही प्रेत पाहिले नव्हते, ही गोष्ट बुद्धीला पटत नाही. जे बुद्धीला पटत नाही त्याला धम्मात जागा नाही. मग गृहत्यागाचे खरे कारण कोणते? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ते सांगितले आहे. ते कारण म्हणजे एका नदीचे पाणी आणि त्या पाण्यावरून पेटू घातलेले युद्ध.

आपण नुकतेच धम्मात आलेले लोक आहोत. कोणाच्या घरात दीक्षेला एक पिढी झाली, कोणाच्या घरात एक वर्षही झाले नसेल. अशा वेळी ही गोष्ट नुसती ऐकून पुढे जाणे बरे नाही. ती उलगडून पाहिली पाहिजे, कारण तीच गोष्ट आपल्या काळात, आपल्याच देशाच्या सीमेवर पुन्हा घडली आहे.

रोहिणीचा तंटा

शाक्य आणि कोलिय हे शेजारी. मध्ये रोहिणी नदी. दोघांची शेते त्याच पाण्यावर पिकत. पाणी आधी कोणी घ्यावे आणि किती घ्यावे यावरून दरवर्षी बोलाचाली होत. एका वर्षी दोन्हीकडच्या गड्यांमध्ये मारामारी झाली आणि माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघाची सभा बोलावली आणि कोलियांशी युद्ध करावे असा ठराव मांडला.

सिद्धार्थ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि संघाचा सभासद होता. तो विरोध करण्यास उठला. कोलिय निर्दोष आहेत असे त्याने म्हटले नाही. त्याने आधी विचारले की, पहिला हात कोणी उचलला? आपल्या माणसांचीही चूक असेल तर दोष दोघांचा ठरतो. मग त्याने उपाय सांगितला. आपण आपल्यातील दोन माणसे निवडावीत. कोलियांनी त्यांच्यातील दोन निवडावीत. या चौघांनी मिळून पाचवा माणूस निवडावा. हे पाच जण जो निर्णय देतील तो दोघांनी मान्य करावा.

किती साधा उपाय! त्यासाठी धन लागत नव्हते, शस्त्र लागत नव्हते. पण सभेत मत घेतले तेव्हा सिद्धार्थाची सूचना प्रचंड बहुमताने पडली. शांततेची संधी समोर उभी होती आणि हात वर करून ती परत पाठविली गेली. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. सिद्धार्थाने त्यालाही विरोध केला, तेव्हा त्याच्यापुढे देशत्यागाची, कुटुंबावरील बहिष्काराची आणि जमीनजप्तीची भीती उभी करण्यात आली. घरच्यांना आपल्यापायी शिक्षा नको म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

येथे पुष्कळ वाचक थांबतात. परंतु बाबासाहेब येथे थांबत नाहीत. पुढे राजगृहात पाच परिव्राजक सिद्धार्थाला भेटतात आणि सांगतात की, शाक्य आणि कोलिय यांच्यात समेट झाला. तो निघून गेल्यावर लोक रस्त्यावर आले, स्त्रिया आणि मुले मिरवणुकांत आली, युद्ध नको असे लोकांनीच सांगितले. संघाला पुन्हा सभा घ्यावी लागली. दोन्ही बाजूंनी पाच पाच माणसे नेमली आणि पाण्याचे तंटे सोडविणारे कायमचे मंडळ स्थापन झाले. म्हणजे शेवटी तेच झाले जे सिद्धार्थाने पहिल्या दिवशी सांगितले होते. पण मधल्या काळात एका तरुणाला घरदार, पत्नी आणि तान्हे मूल सोडावे लागले. वेळेवर न घेतलेल्या संधीची किंमत कोणीतरी भरतोच, आणि पुष्कळदा ती भरणारा माणूस निरपराध असतो.

३१ मार्च १९४८

आता आपल्या काळाकडे या. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवा. पंजाब म्हणजे पाच पाण्यांचा प्रदेश. सतलज, बियास, रावी, चिनाब आणि झेलम या नद्या डोंगरातून खाली येतात आणि अखेरीस सिंधूला मिळतात. इंग्रजांनी या नद्यांवर कालव्यांचे एक जाळे उभारले. हे सारे जाळे एका देशासाठी बांधलेले होते. १९४७ साली त्या देशाचे दोन देश झाले आणि सीमेची रेघ या जाळ्यावरून गेली. काही कालव्यांची मुखे भारतात राहिली आणि त्यांनी भिजणारी शेते पाकिस्तानात गेली.

ही रेघ ओढणाऱ्या रॅडक्लिफ यांनाही अडचण दिसली होती. फिरोजपूरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांवर दोघांचे संयुक्त नियंत्रण असल्याशिवाय तेथे समाधानकारक सीमा आखणे कठीण आहे, असे त्यांनी आपल्या निवाड्यातच नमूद केले. ती पहिली संधी होती. पण तेव्हा दोन्ही बाजूंना रक्ताचे पाट वाहत होते. लाखो माणसे घर सोडून चालत होती. अशा वेळी एकत्र बसून पाण्याची चावी दोघांच्या हाती ठेवू, असे म्हणण्याइतका विश्वास उरला नव्हता.

डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही पंजाबांच्या मुख्य इंजिनियरांनी एक तात्पुरता करार केला. पाणी पूर्वी जसे वाहत होते तसे ३१ मार्च १९४८ पर्यंत वाहू द्यावे, असे ठरले. फाळणीचे तंटे सोडविण्यासाठी नेमलेल्या लवादाची मुदतही त्याच ३१ मार्चला संपत होती. तीन महिने हाती होते. ते तीन महिने गेले. नवा करार झाला नाही. आणि १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने अप्पर बारी दोआब कालव्याच्या पाकिस्तानातील शाखांचे आणि दिपालपूर कालव्याचे पाणी बंद केले.

तारीख नीट लक्षात घ्या. करार संपला आणि दुसऱ्याच दिवशी पाणी थांबले. खरिपाच्या पेरणीचे दिवस तोंडावर आले होते. त्या कालव्यांवरची माणसे कोण होती? शेतकरी होते, मजूर होते, फाळणीने उजाड होऊन नुकतीच तेथे येऊन बसलेली कुटुंबे होती. इकडच्या बाजूलाही तसेच उजाड झालेले लोक होते, त्यांनाही पाणी हवे होते. त्यांच्यातील कोणी सीमा आखली नव्हती, कोणी कराराची मुदत चुकविली नव्हती. ४ मे १९४८ रोजी दिल्लीत दोन्ही सरकारांनी करार केला आणि पाणी पुन्हा सुटले. भारताच्या बाजूने सही करणाऱ्यांत पंडित नेहरूंबरोबर आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळही होते. पाणी सुटले, पण भीती सुटली नाही. ज्याने एकदा कोरडा कालवा पाहिला, तो पुढे प्रत्येक बंधाऱ्याकडे संशयानेच पाहतो.

पाणी अडविणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती कशासाठी? पशूपक्ष्यांना खुले असलेले पाणी माणसांना बंद होते म्हणून. त्या दिवशी आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली. बाबासाहेबांनी सूड घ्या म्हणून सांगितले नाही. ते न्यायालयात लढले आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने आला. ज्या समाजाने पाण्यासाठी इतके सोसले, त्या समाजाला कोणत्याही देशातील तहानेबद्दल बेपर्वा होता येत नाही.

दामोदर आणि सिंधू

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही कामेही त्यांच्याकडे होती. त्या काळात बिहार आणि बंगाल या दोन प्रांतांतून वाहणारी दामोदर नदी वारंवार पूर आणून हाहाकार करी. १९४३ सालचा पूर फार मोठा होता. एक प्रांत वर, दुसरा खाली. धरणे वरच्या प्रांतात बांधायची आणि पुरापासून बचाव खालच्या प्रांताचा व्हायचा. भांडणाला जागा पुरेपूर होती.

बाबासाहेबांनी १९४५ साली कलकत्त्यात दोन्ही प्रांतांच्या प्रतिनिधींना एकत्र बसविले. त्यांची भूमिका अशी की, नदीचे खोरे उगमापासून मुखापर्यंत एक आहे. त्याचा विचार तुकड्यातुकड्यांनी करता येत नाही. पूर, शेतीचे पाणी, वीज आणि वाहतूक यांचा एकत्र विचार झाला पाहिजे. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी जे महामंडळ १९३३ साली स्थापन झाले होते, त्याचा आदर्श त्यांच्यापुढे होता. या प्रयत्नांतूनच पुढे जुलै १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

एकच वर्ष, १९४८. एप्रिलमध्ये पंजाबात कालवे बंद झाले. जुलैत दामोदरवर दोन प्रांतांचे एक महामंडळ झाले. फरक कोठे होता? फरक असा की, दामोदरच्या बाबतीत तंटा विकोपाला जाण्याआधी कोणीतरी सर्वांना एका टेबलाशी बसविले. सिंधूच्या बाबतीत बसायला फार उशीर झाला.

आणखी नवल पाहा. टेनेसीच्या त्याच महामंडळाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएन्थल १९५१ साली भारत आणि पाकिस्तानात आले. परत गेल्यावर त्यांनी लिहिले की, सिंधूच्या खोऱ्याची उभारणी दोन्ही देशांनी मिळून, एक खोरे समजून करावी आणि जागतिक बँकेने त्यात मदत करावी. बाबासाहेबांनी दामोदरसाठी जो विचार केला होता, तोच येथे दोन राष्ट्रांसाठी मांडला गेला. ही दुसरी मोठी संधी होती. दोन्ही बाजूंचे इंजिनियर जागतिक बँकेच्या मध्यस्थीने बसलेही. पण संयुक्त योजना काही होईना. दोघांचे आकडे जुळेनात, दोघांचा विश्वास जुळेना. शेवटी १९५४ साली बँकेनेच सांगितले की, एकत्र नांदता येत नसेल तर नद्या वाटून घ्या.

पाचवा माणूस

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू आणि अयूबखान यांनी सिंधू पाणीवाटप तहावर सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज भारताला मिळाल्या. सिंधू, झेलम आणि चिनाब मुख्यतः पाकिस्तानला गेल्या. पाकिस्तानला नवे कालवे बांधता यावेत म्हणून भारताने सहा कोटी वीस लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम दहा वार्षिक हप्त्यांत देण्याचे कबूल केले. तंटा झाला तर काय करायचे, तेही लिहून ठेवले. प्रथम दोन्ही देशांच्या आयुक्तांनी बोलावे. त्यांच्या आयोगाने वर्षातून निदान एकदा भेटलेच पाहिजे. मतभेद तांत्रिक असेल आणि मिटत नसेल तर तटस्थ तज्ज्ञाकडे जावे. तंटा मोठा असेल तर सात जणांचे लवाद न्यायालय नेमावे. त्यात दोघे एका बाजूने नेमलेले, दोघे दुसऱ्या बाजूने नेमलेले आणि तिघे तटस्थ.

धम्मबंधूंनो, हे ओळखीचे वाटत नाही काय? दोन तुमचे, दोन आमचे आणि दोघांचेही नसलेले कोणीतरी. रोहिणीच्या काठी शाक्यांच्या सभेत जी सूचना पडली होती, तीच अडीच हजार वर्षांनी दोन राष्ट्रांनी कायद्याच्या भाषेत लिहून काढली. म्हणूनच १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे झाली तरी हा तह टिकला. तोफा चालू असताना नद्या वाहत राहिल्या.

तरी हे पूर्ण यश नव्हते. तहात पुढील सहकार्याचे एक कलम आहे. दोघांनी मिळून नद्यांचा अभ्यास करावा, संमतीने संयुक्त कामे काढावीत, असा त्याचा आशय आहे. हे कलम बहुतांशी कागदावरच राहिले. १९७८ साली चिनाबवरील सलाल धरणाचा वाद दोन्ही सरकारांनी आपसांत बोलून आणि धरणाच्या आराखड्यात फेरफार मान्य करून मिटविला. मनात आणले तर मिटते, हे त्या वेळी सिद्ध झाले. पण तो धडा पुढे चालला नाही. झेलमवरील तुळबुल प्रकल्पाचे काम १९८७ पासून थांबून राहिले. बगलिहार तज्ज्ञाकडे गेले, किशनगंगा लवादाकडे गेले. भांडण मिटविण्याची यंत्रणा होती. एकत्र काम करण्याची सवय मात्र नव्हती.

मे २०२२ मध्ये दिल्लीत आयोगाची बैठक झाली. त्यानंतरची वर्षे बैठकीविना गेली. भारताने २०२३ आणि २०२४ मध्ये तहाचा फेरविचार करण्याची मागणी केली, पण बोलणी उभी राहिली नाहीत. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ निरपराध माणसे मारली. दुसऱ्या दिवशी भारत सरकारने तह स्थगित केल्याचे जाहीर केले. सीमेपलीकडील दहशतवादाला पाकिस्तान पाठिंबा देणे सोडीपर्यंत तो स्थगित राहील, असे सरकारने सांगितले. पाकिस्तानने आपला संबंध नाकारला. मे महिन्यात दोन्ही देशांत चार दिवस लढाई झाली.

धम्म काय सांगतो?

येथे कोणी विचारील, निरपराध माणसांना मारणाऱ्यांशी समेट कसला? प्रश्न रास्त आहे. धम्म दुबळेपणा शिकवीत नाही. जो शिक्षेस पात्र आहे त्याला शिक्षा झालीच पाहिजे, असे तथागतांनी सांगितल्याचे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. शांततेचे सारे उपाय संपल्यावर न्यायासाठी लढणाऱ्याला तथागत दोष देत नाहीत. पहलगामच्या खुन्यांबद्दल कोणत्याही बौद्धाच्या मनात गोंधळ असता कामा नये. पण या शिकवणीत एक कसोटी आहे. सारे उपाय खरोखर संपले होते काय? आणि शिक्षा अपराध्यालाच होते काय, की अपराध्याच्या शेजारी राहणाऱ्या शेतकऱ्यालाही होते? हे प्रश्न दोन्ही देशांतील प्रत्येक राज्यकर्त्याने स्वतःला विचारावेत असे आहेत, आणि नागरिकाने राज्यकर्त्याला विचारावेत असेही आहेत.

संधी का हुकतात? तथागतांनी अकुशलाची तीन मुळे सांगितली आहेत. लोभ, द्वेष आणि मोह. सिंधूच्या कथेत तिन्ही दिसतात. पाणी माझेच आहे, हा लोभ. फाळणीच्या जखमेतून आलेला द्वेष. आणि नदी नकाशावरच्या रेघेप्रमाणे तोडता येते, हा मोह. हिमालयातील बर्फ वितळू लागले आहे, त्याला कोणत्या बाजूचा ध्वज कोठे लागला आहे हे ठाऊक नाही. पूर येईल तो दोघांना येईल, दुष्काळ पडेल तो दोघांना पडेल. हे दुःख समान आहे असे पाहणे, यालाच सम्यक दृष्टी म्हणतात.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. शाक्यांच्या संघाने आपला निर्णय आपणहून बदलला नाही. लोक उठले तेव्हा तो बदलला. राज्यकर्ते संधी घालवितात तेव्हा ती परत आणण्याचे काम सामान्य माणसांचे असते. म्हणून हा विषय मोठ्या लोकांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका.

आणि सुरुवात आपल्या दारातून करा. गावोगावी काय दिसते? एका वस्तीत दोन मंडळे आणि भीमजयंतीच्या दोन मिरवणुका. हिशेबाच्या वहीवरून वाद झाला म्हणून विहाराला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे यावरून पुन्हा वाद. बांधाच्या दोन हात जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टात. हातपंपावरून दोन वस्त्यांत अबोला. आपण शाक्यांच्या सेनापतीला दोष देतो, पण आपल्या सभेत आपण कोणाच्या बाजूने हात वर करतो?

म्हणून प्रत्येक विहाराने एवढे तरी करावे. तंटा उभा राहिला की प्रथम आपली चूक किती, हे आपल्याच बैठकीत विचारावे. मग दोन त्यांचे, दोन आपले आणि चौघांनी निवडलेला पाचवा, अशी समिती नेमावी. पाचवा माणूस निवडताना जात, नाते आणि पक्ष पाहू नये. तिचा निर्णय कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि करार संपण्याची तारीख असेल तर ती येण्याच्या आधीच पुन्हा बसावे. ३१ मार्च उलटून गेल्यावर १ एप्रिलला पाणी मागण्यात अर्थ नसतो. तंटा नसेल तेव्हाही महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, दोन्ही बाजूंनी वंदनेला एकत्र यावे. कारण भेटणे थांबले की संशय वाढू लागतो, मग तो दोन घरांत असो की दोन राष्ट्रांत.

आपल्या मुलांना रोहिणीची गोष्ट सांगा. सिद्धार्थ म्हातारपणाला भिऊन पळाला, असे त्यांना सांगू नका. तो युद्धाच्या विरोधात एकटा उभा राहिला, हरला, आणि तरी त्याचेच म्हणणे शेवटी खरे ठरले, असे सांगा. मग त्यांना नकाशावर सिंधू दाखवा आणि विचारा, या नदीसाठी पाचवा माणूस कोण होईल?

नमो बुद्धाय. जयभीम.